पिवळी मारबत करडी का दिसली?

प्रश्न : माझं वय ६८. बालपण नागपूरच्या महाल भागात गेलं. परवा स्वप्नात मारबतींची, म्हणजे आमच्याकडच्या त्या काळ्या-पिवळ्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक आली, पण काळी कोणती आणि पिवळी कोणती, काही केल्या कळेना. सगळं जुन्या फोटोसारखं. नात म्हणते, "आजी, स्वप्नं रंगीतच असतात." माझंच काही बिघडलं का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, जागेपणी रंग नीट दिसतात ना? मग घाबरू नका.

अमेरिकेत १९४२ साली कॉलेजच्या मुलांना विचारलं, तेव्हा शंभरातली सत्तर म्हणाली की स्वप्नात रंग क्वचित दिसतात किंवा दिसतच नाहीत. साठेक वर्षांनी तोच प्रश्न विचारला, तर असं म्हणणारी अठराच निघाली. मधल्या काळात सिनेमा-टीव्ही रंगीत झाले होते. २००८ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातल्या इवा मर्झिन यांनाही दिसलं की लहानपणी ब्लॅक अँड व्हाइट पडदा पाहिलेल्या, पंचावन्नपुढच्या लोकांची साधारण चौथाई स्वप्नं बिनरंगी असतात. पंचविशीच्या आतल्यांत हेच प्रमाण शंभरात पाचही नव्हतं. आपलं दूरदर्शन रंगीत झालं १९८२ मध्ये. तेव्हा तुम्ही पंचविशीच्या आसपास असाल.

तरी माझं यानं पुरतं समाधान होत नाही. मारबत तुम्ही पडद्यावर नाही, रस्त्यावर पाहिली, आणि रस्ता तेव्हाही रंगीतच होता. मला वाटतं, रंग दिसतो, पण उठेपर्यंत टिकत नाही. १९६२ साली झोपलेल्यांना ऐन स्वप्नातून जागं करून लगेच विचारलं, तेव्हा ऐंशी टक्क्यांहून जास्त स्वप्नांत रंग निघाला होता.

मागच्या मे महिन्यात कूलरचं पाणी संपलं, गरम वारा यायला लागला आणि पहाटे मला जाग आली. स्वप्नात आई ओसरीवर संत्री सोलत होती. तसाच पडून आठवत गेलो. सालीचा नारिंगी रंग, तिच्या नखात अडकलेला पांढरा धागा, अगदी लख्ख. पण लुगडं? त्याला रंगच नव्हता. हिरवं म्हणावं तर हिरवं, करडं म्हणावं तर करडं. चहा होईपर्यंत सालीचाही रंग गेला. 'आई संत्री सोलत होती' एवढंच उरलं.

पुढल्या वेळी जाग आली की कूससुद्धा बदलू नका. सगळी मिरवणूक आठवायला जाऊ नका, मारबतीचं नुसतं तोंड धरून ठेवा आणि त्याचा रंग शोधा. सापडला की उशाजवळच्या वहीत लगेच लिहा. आणि नातीलाही सकाळी उठल्या उठल्या विचारा, स्वप्नात तिच्या अंगात कोणत्या रंगाचा ड्रेस होता. बघा, तिला तरी चटकन सांगता येतं का.