वाचक विचारतात: पाइप वरूनच का कुजला?

प्रश्न: आमच्या सोसायटीचा सांडपाण्याचा काँक्रीट पाइप २० वर्षांतच खचला. उकरून पाहिलं तर तळ शाबूत, वरचा भाग भुसभुशीत. नवा ठेकेदार म्हणतो, जुन्याने सिमेंट खाल्लं. पाणी तर तळातून वाहतं, मग वरूनच कसा कुजला?
– एक वाचक, सांतिनेज, पणजी

उत्तर: जुन्या ठेकेदाराला एवढ्यात शिव्या घालू नका. सगळी नोकरी गटारांच्या चेंबरांत डोकावण्यात गेली माझी. अशाच एका पाइपचा तुकडा अजून बाल्कनीत अबोलीच्या कुंडीखाली टेकण म्हणून आहे. खडी दातांसारखी वर आलेली आणि मधला माल नखाने निघतो, ओल्या खडूसारखा.

सिमेंट खाल्लंय खरं, पण जिवाणूंनी. तळाच्या बुळबुळीत थरात हवा पोचत नाही. तिथले जिवाणू पाण्यातल्या सल्फेटचं हायड्रोजन सल्फाइड करतात. कुजक्या अंड्यांचा वास तो हाच. वायू वर जाऊन पाइपच्या छतावरच्या ओलीत मुरतो आणि तिथले दुसरे जिवाणू, ज्यांना हवा लागते, त्याचं सल्फ्युरिक अॅसिड बनवतात. नव्या काँक्रीटचा सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल जास्त) १२-१३, तिथे त्यांचं काही चालत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि हा वायू मिळून तो ९ च्या आसपास उतरवतात, की यांचं फावतं. शेवटी सामू १-२ वर येतो आणि सिमेंटचं मऊ जिप्सम होतं. मेलबर्नचे संशोधक पार्कर यांनी १९४५ मध्येच हे अॅसिड बनवणारे जिवाणू वेगळे काढून दाखवले होते.

तुमच्याकडे खाडी जवळ. समुद्राच्या पाण्यात लीटरमागे सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं. भरतीला खारं पाणी सांध्यांतून झिरपत असेल, तर जिवाणूंची चंगळच. वर आपला उकाडा.

खात्री हवी? हातमोजे घालून पाइपचा तुकडा फोडा, ताज्या भागावर ओली हळद लावा. चांगलं काँक्रीट तिला लाल करील, चुन्याने हळदीचं कुंकू होतं तसं. कुजलेल्या भागावर ती पिवळीच राहील.

नव्या पाइपात सिमेंट वाढवून भागणार नाही, अॅसिड तेही खाईल. एचडीपीई (टणक प्लास्टिक) किंवा स्टोनवेअरचा (भाजलेल्या मातीचा) घाला, उतार नीट द्या. पाणी तुंबलं की वायू वाढतो. आणि काही झालं तरी माणूस चेंबरात उतरवू नका. वास थांबला म्हणजे हा विषारी वायू गेला असं नसतं; तो फार वाढला की नाकच बधिर होतं.