एबीएसचा ब्रॅकेट वाकतोय, जास्त ताठ प्लास्टिक कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की वॉटर प्युरिफायरचा पंप धरणारा एबीएसचा ब्रॅकेट (४० मिमी रुंद, २.५ मिमी जाड) वजनाने झुकतो आणि मोल्डरने पॉलिकार्बोनेट सुचवलंय. नका घेऊ. पॉलिकार्बोनेट सहजासहजी तुटत नाही हे खरं, पण तुमचा ब्रॅकेट तुटत नाहीये, वाकतोय. मापं तीच असतील तर वाकणं ठरतं मॉड्युलसवर (प्लास्टिक किती ताठ आहे याचा आकडा), आणि तो एबीएसचा साधारण २.३ गिगापास्कल, पॉलिकार्बोनेटचाही जवळपास तेवढाच. दाण्याला (कच्च्या प्लास्टिकला) जास्त पैसे मोजाल आणि ब्रॅकेट होता तितकाच झुकेल.

ताठपणा हवा तर ग्लास, म्हणजे काचेचे बारीक धागे मिसळलेलं प्लास्टिक. ३० टक्के ग्लासचं नायलॉन ६६ डेटाशीटवर १० गिगापास्कलच्या आसपास दिसतं, एबीएसच्या चौपट. पण कोणत्या रकान्यात दिसतं ते बघा. मी एकदा बिनग्लासच्या नायलॉन ६६ मध्ये लिव्हर केले होते. एप्रिलमध्ये ट्रायल घेतली, मशीनमधून निघालेले तुकडे खणखणीत, गिऱ्हाईक खूश. जुलैत फोन आला की लिव्हर मऊ पडलेत. जाऊन अंगठ्याने दाबला, तर खरंच लवत होता. नायलॉन हवेतलं पाणी पितं. ‘ड्राय’ (कोरडं) रकान्यातला ३ चा आकडा ‘कंडिशन्ड’ (हवेतला ओलावा प्यायलेलं) रकान्यात निम्म्यावर येतो, आणि मी पहिलाच रकाना वाचला होता. ग्लास घातलेलं नायलॉनही दमट हवेत १० वरून ६-७ वर उतरतं. तुमचा ब्रॅकेट तर पाण्याच्याच मशीनमध्ये बसणार. त्यामुळे मी ३० टक्के ग्लासचं पीबीटी (पॉलिएस्टर जातीचं प्लास्टिक) घेईन: ताठपणा साधारण तेवढाच आणि ओलाव्याने फारसा हलत नाही. गरम पाण्यात सतत बुडवायचा पार्ट असता तर पीबीटी नको म्हटलं असतं.

आता डायचं, म्हणजे पार्ट ज्यात घडतो त्या लोखंडी साच्याचं. ती एबीएससाठी कापलेली, म्हणजे श्रिंकेज (थंड होताना प्लास्टिक आकसतं ते) अर्धा टक्का धरलेलं. ग्लासचे धागे प्लास्टिक वाहतं त्याच दिशेने लागतात, म्हणून त्या दिशेला श्रिंकेज कमी आणि आडव्या दिशेला एक टक्क्याच्या आसपास. ब्रॅकेट पिळवटतो, भोकांची अंतरं चुकतात. शिवाय पी-२० या तुलनेने मऊ स्टीलची डाय असेल तर ग्लास गेटपाशी (प्लास्टिक आत शिरतं त्या तोंडाशी) ती खरवडत राहतो.

म्हणूनच दाणा बदलायच्या आधी मी रिब (खालून उभ्या पातळ पट्ट्या) टाकीन. तुमच्याच मापांवर हिशोब केला: पट्टीखाली लांबीच्या दिशेने १.५ मिमी जाड, ७ मिमी उंच अशा तीन रिब घातल्या तर ताठपणा साधारण चौदा पट होतो (ड्राफ्ट, म्हणजे पार्ट डायमधून सुटावा म्हणून रिबला दिलेला उतार, धरला नाहीये, थोडा कमी भरेल). ग्लासने चौपट, रिबने चौदा पट, तेही एबीएसमध्येच! पार्टवर प्लास्टिक वाढवायचं म्हणजे डायमधलं लोखंड कमी करायचं, टूलरूमवाला स्पार्क मारून (विजेच्या ठिणग्यांनी लोखंड कोरून) खाचा पाडून देईल. उलटं असतं तर वेल्डिंग करावं लागलं असतं. त्या जागी इजेक्टर पिन (पार्ट बाहेर ढकलणारी) किंवा कूलिंगची लाइन येत नाही ना, एवढं आधी ड्रॉइंगवर बघून घ्या. रिब १.५ पेक्षा जाड करू नका, नाहीतर वरच्या बाजूला सिंक मार्क (उथळ खळगे) पडतील. तरी पडलेच थोडे तर पडू देत, प्युरिफायरच्या आत कोण बघायला जातंय.