घाटात काळा धूर, आणि ईजीआर बंद करण्याचा सल्ला

प्रश्न : माझी 2013 सालची डिझेल हॅचबॅक आहे. हल्ली खंबाटकी चढताना पिकअप बसतो आणि मागे काळा धूर निघतो. सिग्नलला उभी असली की थरथरते. इंजिनाचा पिवळा दिवा लागला म्हणून स्कॅनर लावला, तर पी0402 कोड आला. मिस्त्री म्हणतात, नवा ईजीआर व्हॉल्व्ह महाग पडेल, मध्ये पत्र्याची पट्टी टाकून त्याची वाट बंदच करू. काय करावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पट्टी टाकू देऊ नका. माझ्या गॅरेजमध्ये अशा गाड्या येतात. बऱ्याचदा व्हॉल्व्ह मेलेला नसतो, काजळीने अडकलेला असतो.

ईजीआर व्हॉल्व्ह सायलेन्सरकडे निघालेल्या वायूतला थोडा भाग परत इंजिनात सोडतो. त्यामुळे आतलं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. चढावर तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबता तेव्हा हा व्हॉल्व्ह मिटायला हवा. तुमचा मिटत नसावा. मग ताज्या हवेची जागा जळका वायू घेतो, ऑक्सिजन अपुरा पडतो आणि डिझेल अर्धवट जळून काळं बाहेर येतं. पी0402 चा अर्थही तोच, वायू गरजेपेक्षा जास्त परत येतोय.

तरी व्हॉल्व्ह खोलण्याआधी एअर फिल्टर आणि टर्बोचे होस बघून घ्या. होस चिरलेला असला तरी असाच धूर येतो. तुमचा व्हॉल्व्ह इलेक्ट्रिक असेल तर स्कॅनरवर दोन आकडे शेजारी ठेवून पाहा : कॉम्प्युटरने मागितलेली उघडझाप आणि प्रत्यक्षातली. 'बंद' सांगूनही तो उघडा दिसला, तर खोलायचा. व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर त्याच्या बारीक रबरी नळ्या आणि सोलेनॉइड (व्हॅक्यूम चालू-बंद करणारा विजेवरचा छोटा व्हॉल्व्ह) आधी तपासा.

साफ करताना कार्ब क्लीनर फक्त काजळीच्या बाजूला मारा, मोटर आणि कनेक्टरकडे थेंबही जाऊ देऊ नका. स्क्रूड्रायव्हरने बसण्याची जागा खरवडू नका, मऊ ब्रश घ्या. पॅकिंग नवीनच टाका. इनटेक मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचं, तोंडही बघा. क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातून, येणारी ऑइलची वाफ काजळीत मिसळून तिथे डांबरासारखा थर बसतो, आणि तो राहिला तर केलेलं काम वाया जातं.

आता पट्टीबद्दल. पट्टी टाकली की धूर कमी होईल, पीयूसीही मिळेल, कारण तिथे डिझेल गाडीचा धूर मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही. हा वायू डोळ्यांना दिसत नाही, छातीला मात्र कळतो. दम्याच्या माणसाला तो फार त्रास देतो, आणि उन्हात त्याच्यापासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो. सिग्नलला तुमच्या मागे उघड्या रिक्षात शाळेची मुलं बसलेली असतात, ती तुमच्या सायलेन्सरपासून हातभर अंतरावर श्वास घेतात. म्हणून मी पट्टी टाकत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

साफसफाईनंतर कोड पुसून गाडी एकदा घाटात न्या. तोच कोड परत आला आणि ते दोन आकडे अजूनही जुळत नसले, तर मात्र नवा व्हॉल्व्ह घ्या.