‘वेठीस धरणे’ आणि सक्तीची लष्करसेवा

प्रश्न असा आहे की दक्षिण कोरियात धडधाकट पोरांना दीडेक वर्ष सैन्यात काढावंच लागतं, तर ‘सरकार तरुणांना वेठीस धरतं’ असं लिहिलं तर चालेल का, आणि अमेरिकेच्या व्हॉलंटिअर सैन्याला मराठीत काय म्हणायचं.

चालेल, जवळपास चालेल! ‘संपामुळे प्रवासी वेठीस’ हे वाचून वाचून माझं डोकं उठलंय. अहो, स्टँडवर ताटकळलेल्या प्रवाशाकडून कुणी काम करून घेतंय का? त्याला अडवलंय म्हणा, फार तर ओलीस म्हणा. वेठ म्हणजे जबरदस्तीनं, फुकट करून घेतलेलं काम. कोरियात निदान काम तरी करून घेतात, पण पगार देतात, म्हणून फक्त ‘जवळपास’.

आता खरी गंमत. वेठ हा शब्द ‘वेढा’वरून आला, माणसं घेरून आणायचे म्हणून, असं ठासून सांगणारी मंडळी आहेत, त्यांनी कृपया एकदा कौटिल्याचं ‘अर्थशास्त्र’ उघडावं. संस्कृत विष्टि, प्राकृत वेट्ठि, आपली वेठ, इतका सरळ रस्ता आहे. कानडीत बिट्टी, तेलुगूत वेट्टी, निजामाच्या तेलंगणातली वेट्टी चाकिरी, म्हणजे सक्तीची फुकट चाकरी, ती हीच. आणि कौटिल्याच्या दहाव्या अधिकरणात ही विष्टि चक्क सैन्याबरोबर चालते: छावणी, रस्ते, पूल, विहिरी नीट करायच्या, यंत्रं-हत्यारं-चारा वाहायचा, रणातून जखमी उचलून आणायचे. म्हणजे वेठीचं लष्कराशी नातं जुनंच, फक्त वेठीच्या माणसानं तलवार नाही चालवायची, ओझी वाहायची! पंचांगातलं भद्रा करण (करण म्हणजे अर्धी तिथी), जे आपण शुभकार्याला टाळतो, त्याचंही नाव विष्टिच. लोकांनी वेठीचा धसका घेऊनच हे नाव त्या अशुभ करणाला चिकटवलं असणार, असं माझं ठाम मत, कुणाला पटो न पटो.

वेठबिगारीतला बिगार मात्र फारसी, आणि आज साइटवरचा बिगारी संध्याकाळी रोजची मजुरी मोजून घेतो, शब्द कुठून कुठे जातात बघा. आपल्या राज्यघटनेचं कलम २३ वेठबिगारीवर बंदी घालतं आणि त्याच कलमात सरकारला सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायची मुभाही देतं, फक्त धर्म, वंश, जात, वर्ग बघून भेदभाव करायचा नाही. आपलं सैन्य राजीखुशीचं आहे ही गोष्ट वेगळी.

हां, अमेरिकेचं राहिलंच. तिथला ड्राफ्ट, म्हणजे सक्तीची लष्करभरती, १९७३ ला बंद झाला. ‘स्वयंसेवी सैन्य’ नका लिहू, आपल्याकडे स्वयंसेवक म्हणजे बिनपगारी, गणपतीत गर्दी आवरणारा. ‘ऐच्छिक भरतीचं सैन्य’ लिहा.