आंघोळीच्या पाण्याचा धूर

चि. बाळ हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा आराखडा, दोन्ही सावकाश वाचले. सातवीच्या वर्गाला घरगुती उष्णतेसाठी जे जाळले जाते त्याच्या धुराविषयी सहा तास शिकवायचे तू ठरवले आहेस. त्यांतल्या पहिल्या तासाला लंडन आहे, दुसऱ्या तासाला दिल्लीची थंडी आहे आणि कोल्हापूर थेट सहाव्या तासाला, ‘उपाय’ या मथळ्याखाली आले आहे. हा क्रम तू उलटा करावास, असे मला वाटते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो, त्यामुळे खोली तापवण्यासाठी घर धुराने भरण्याची वेळ आपल्यावर येत नाही, आणि ‘उष्णतेसाठी इंधन जाळणे’ म्हटले की मुलांना ती दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट वाटते. परंतु वर्षाचे बारा महिने, पावसाळ्यातसुद्धा, आपल्या घरांत एक गोष्ट तापतेच, ती म्हणजे आंघोळीचे पाणी. तुझ्या वर्गातल्या मुलांच्या परसात बंब असेल, नाहीतर तीन दगडांवर काळा पडलेला हंडा असेल. धडा तिथून सुरू होऊ दे.

पहिल्या तासाला फळ्यावर व्याख्या लिहू नकोस. टेबलावर मेणबत्ती पेटव, मिनिटभर जळू दे आणि फुंकर मारून विझव. वातीतून पांढरी रेघ वर जाऊ लागली की जळती काडी वातीला न लावता दोन बोटे वर, त्या रेघेला लाव. ज्योत रेघेवरून खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते. मुले एकदम गप्प होतात, मग सगळी एकाच वेळी बोलू लागतात. त्या गोंधळात एकच प्रश्न विचार, की धूर जर पेटतो, तर तो राखेसारखा निरुपयोगी कचरा कसा? धूर म्हणजे बऱ्याच अंशी न जळलेले इंधन आहे, हे एकदा त्यांना उमगले की पुढचे सगळे त्यांचे त्यांना सुचते. ओल्या शेणी का धुमसतात, आजी फुंकणीने फुंकल्यावर धूर का कमी होतो आणि चुलीत कोंबून भरलेले पाचट का घुसमटते, या प्रश्नांची उत्तरे तू देण्यापूर्वी मुलेच देतील.

त्यानंतर बंबाकडे वळावे. बंबाची रचना ज्याने प्रथम कल्पिली, त्याला पाणी लवकर तापवायचे होते आणि ते त्याने फार चतुराईने साधले. मध्ये उभी नळी, तिच्यात जळण, खाली राख पडण्यासाठी जाळी आणि नळीच्या चारी बाजूंना पाणी. पण पाणी तापवणारी हीच गोष्ट आगीला मारक ठरते, कारण जळणातून निघणारे वायू पुरते जळण्यासाठी तापलेले राहायला हवेत, आणि इथे त्यांच्या चारी बाजूंना थंड पाण्याची भिंत आहे. म्हणूनच सकाळचा पहिला पाव तास बंब पिवळट, डोळ्यांना झोंबणारा धूर ओकतो आणि पाणी तापत आले की त्याच जळणाचा धूर पातळ होतो. हे निरीक्षण मुलांना घरी करायला सांग. कोणी तुला ‘बंब दमला की धूर थांबतो’ असे उत्तर लिहून आणले, तर ते चुकीचे म्हणून खोडू नकोस. त्याने पाहिलेले बरोबर आहे, फक्त कारण जोडायचे राहिले आहे.

धुरातले कण किती लहान असतात हे शिकवताना मी नेहमी काजळाचा आधार घेत असे. निरांजनावर तांब्याची वाटी पालथी धरून काजळ धरणारी आजी अजून काही घरांत आहे, नसेल तर तू वर्गात धरून दाखव. वाटीला जे मऊ, काळे, बोटाला लागताच पसरणारे लागते, तेच धुरात तरंगत असते. मग आकडे सांग. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाडीचा असतो, आणि ज्या कणांना पीएम २.५ म्हणतात ते २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान असतात. लाकडाच्या धुरातले बहुतेक कण तर एका मायक्रोमीटरच्याही आत असतात. नाकातले केस आणि घशातला ओलावा मोठी धूळ अडवतात, पण हे कण फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात. पांढऱ्या कार्डाला व्हॅसलीन लावून ते आठवडाभर बंबाजवळ, स्वयंपाकघरात आणि रस्त्याकडेला ठेवायचा प्रयोग तुझ्या आराखड्यात आहे. तो जरूर कर, परंतु मुलांना हेही सांग की कार्डावर दिसते ती मुख्यतः जाडी धूळ. सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि कार्डावर फारसे चिकटतही नाहीत. एखाद्या प्रयोगातून काय कळत नाही, हे सांगणारा शिक्षक मुलांना अधिक विश्वासाचा वाटतो, असा माझा अनुभव आहे.

शाळेची सहल काढता आली तर जानेवारीत काढ आणि सूर्य उगवण्यापूर्वी पन्हाळ्यावर पोहोच. अंतर वीसेक किलोमीटरच आहे. तिथून खाली पाहिले की गावागावांवर धुराची एक आडवी चादर पसरलेली दिसते. चुलींचा, बंबांचा, गुऱ्हाळांच्या चुलवणांचा धूर सरळ वर न जाता एका उंचीवर जाऊन अडल्यासारखा पसरतो. एरवी जमिनीलगतची हवा उबदार आणि वरची थंड असते, म्हणून धूर वर जातो. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिच्या लगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार पडते आणि त्या गार थरावर उबदार हवेचे झाकण बसते. उन्हे चढली की झाकण निघते. सकाळी साडेसहा, आठ आणि दहा वाजता शाळेच्या गच्चीवरून पंचगंगेच्या दिशेला काय दिसते ते मुलांना रोज वहीत लिहायला लावलेस, तर सहलीविनाही हे समजेल. इथे आता तुझे लंडन आण. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर असेच झाकण बसले आणि खाली घराघरांतल्या शेगड्यांत हलक्या प्रतीचा कोळसा जळत राहिला. त्यात सुमारे ४,००० माणसे दगावल्याचा अंदाज तेव्हा केला गेला, पुढच्या अभ्यासांनी तो १२,००० पर्यंत नेला, आणि १९५६ मध्ये तिथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. ज्या मुलाने पन्हाळ्यावरून आपल्याच गावावरची चादर पाहिली आहे, त्याला हे आकडे पाठ करावे लागत नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र एवढे लांबवत आहे ती सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी वर्गात विचारले होते, ‘कोणाकोणाच्या घरी अजून चूल पेटते? हात वर करा.’ फळ्यावर मी दोन घरे काढली होती, एक धुराचे आणि एक स्वच्छ. हात वर करणाऱ्या मुलींपैकी एकीने घरी जाऊन आईला सांगितले की तू आम्हाला विष देतेस, असे बाई म्हणाल्या. मी तसे म्हटले नव्हते, पण माझ्या चित्राचा अर्थ तोच होता. दुसऱ्या दिवशी ती माउली वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाई, गॅस परवडत असता तर धुरात डोळं कशाला फोडून घेतलं असतं?’ मला उत्तर सुचले नाही. मुलगी त्यानंतर आठवडाभर शाळेत आली नाही आणि आली तेव्हा माझ्याकडे पाहत नव्हती. तुझ्या आराखड्यातील ‘प्रदूषण करणारी घरे मोजा’ हा उपक्रम त्यामुळे मला नको वाटतो. कोणाचे घर कसे आहे हे वर्गापुढे कधीही उघडे पडू देऊ नकोस. माहिती नावाविना, चिठ्ठीवर घे.

शिवाय ‘घरी गॅस आहे का?’ हा प्रश्न फसवाही आहे. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून असंख्य घरांत सिलिंडर पोहोचला आहे, पण १४.२ किलोचा तो सिलिंडर पुरवून पुरवून वापरायचा म्हणून भाजी-आमटी गॅसवर, भाकरी चुलीवर आणि आंघोळीचे पाणी बंबात, अशी वाटणी घराघरांत दिसते. म्हणून इंधनाऐवजी कामाबद्दल विचार. आंघोळीचे पाणी कशावर तापते, ते कोण पेटवते, पेटवणारी व्यक्ती तिथे किती वेळ बसते, जवळ लहान मूल असते का आणि पहिली आंघोळ कोणाची होते? या पाच उत्तरांची बेरीज फळ्यावर मांडलीस की पहिले गरम पाणी कोणाच्या वाट्याला आणि पहिला धूर कोणाच्या वाट्याला, हे मुलांना तुझ्या एकाही शब्दाविना दिसेल. मुलग्यांच्या चेहऱ्यांकडे तेव्हा लक्ष ठेव.

बाळंतिणीच्या शेक-शेगडीचा विषय निघेलच, कारण सातवीतल्या कोणाच्या तरी घरी नुकतेच बाळ आलेले असते. आपल्याकडे दारे-खिडक्या लावून खोलीत निखारे ठेवतात, ओवा आणि वावडिंगाची धुरी देतात आणि हे सारे मायेनेच करतात. तेथे ‘अंधश्रद्धा’ हा शब्द वापरलास तर आजीचे दार तुला कायमचे बंद होईल. त्याऐवजी मुलांना आपापले श्वास घड्याळ लावून मोजू दे. त्यांचे मिनिटाला वीसेक भरतील. नवजात बाळ मिनिटाला ३० ते ६० वेळा श्वास घेते, म्हणजे त्याच खोलीत आपल्या वजनाच्या मानाने बाळ आजीपेक्षा किती तरी अधिक धूर घेते. आणि एक धोका मात्र आडपडदा न ठेवता सांगच. निखाऱ्यांना धूर नसला तरी त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपू नये आणि हवा खेळत नसलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर लावू नये. हे मुलांनी घरी निरोपासारखे पोहोचवावे. येथे संकोच करू नकोस.

कण मोजणारे छोटे यंत्र घेण्यासाठी मुख्याध्यापकांकडे अर्ज करायचा तुझा विचार चांगला आहे, पण त्याची मर्यादा आधी समजून घे. ती स्वस्त यंत्रे कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात, त्यामुळे दाट धुक्यात किंवा न्हाणीघराच्या वाफेत पाण्याचे थेंबही कण म्हणून मोजले जातात आणि आकडा फुगतो. यंत्र बंबापासून दूर, कोरड्या जागी धर, एकाच जागी पेटवण्यापूर्वी आणि पेटवल्यानंतर वाचन घे आणि फरकाकडे पाहा. तुलनेसाठी २००९ च्या भारतीय मानकातील पीएम २.५ ची चोवीस तासांची मर्यादा, घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली १५ ची मर्यादा, दोन्ही फळ्यावर लिही. एका क्षणाचा आकडा चोवीस तासांच्या सरासरीशी थेट ताडता येत नाही, हे कोणीतरी हुशार मूल विचारेल. न विचारल्यास तू सांग. कोणी असेही म्हणेल की धूर तर गुऱ्हाळाचा, पेटवलेल्या पाचटाचा आणि केएमटीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, जुन्या बसचा. त्याचे म्हणणे खोटे नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या, हवेच्या मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत कोल्हापूर आले ते काही केवळ बंबांमुळे नव्हे. फक्त एवढे दाखवून दे की गुऱ्हाळाचा धूर आपल्यापासून शेतभर लांब असतो आणि बंबाचा धूर पेटवणाऱ्याच्या नाकापासून हातभर.

घरी नेण्यासाठी मुलांच्या हाती जे द्यायचे, ते बिनखर्चाचे असावे. जळण पावसाआधी आडोशाला रचावे आणि बारीक फोडून वापरावे, बंबाची जाळी रोज झटकून खालून हवा येऊ द्यावी, नळी गच्च भरू नये, पेटवण्यासाठी दुधाच्या पिशव्या किंवा टायरचे तुकडे कदापि घालू नयेत, बंब खिडकीखालून हलवावा, लहान भावंडाला मांडीवर घेऊन तिथे बसू नये. यांतील जाळी झटकण्याचे काम मुलग्यांकडे सोपव. छतावरच्या सौर बंबाबद्दल जरूर बोल, पण तो न घेणाऱ्या घराविषयी चकार शब्द काढू नकोस.

माझ्या सासूबाईंचा तांब्याचा बंब अजून माळ्यावर आहे. गेली कित्येक वर्षे तो पेटलेला नाही. वर्गात उघडून दाखवायला तो चांगला उपयोगी पडेल, म्हणून येत्या रविवारी सकाळी येऊन घेऊन जा. जाळी राखेने बुजून गंजली आहे आणि तोटी गळते. तांबटाकडून तोटी नीट करून घे. जाळी मात्र तशीच राहू दे. राखेने बुजलेली जाळी कशी दिसते, हे मुलांना दाखवता येईल. दोन माणसे लागतील, एकटी येऊ नकोस.

तुझी,
बाई