झेंडा एकच कशाला हवा?

प्रश्न : ताई, आमची भूमिहीनांची संघटना कसायला जमीन मिळावी म्हणून लढते. शहरातला एक गट स्वस्त, सकस अन्नासाठी काम करतो. दोघांनी मिळून मोर्चे काढले, जमलं. आता ते म्हणतात, एकच संघटना, एकच झेंडा, एकच कार्यकारिणी करू. आमचे जुने लोक बिथरलेत, जमिनीचा मुद्दा मागे पडेल म्हणतात. तरुणांना ते आडमुठे वाटतात. तुमचं मत?

उत्तर : मी जुन्यांच्या बाजूची, आणि ते माझ्या वयामुळे नव्हे. संयुक्त बैठकांची इतिवृत्तं लिहिण्यात माझी हयात गेली. विलीनीकरणाचा ठराव बहुतेक वेळा ज्याच्याकडे कार्यालय असतं तोच मांडतो. त्यात कपट असतंच असं नाही. त्याला ते सोयीचं असतं, एवढंच.

कॅलिफोर्नियातल्या डेलानोचा संप तुमच्या तरुणांना सांगा. ८ सप्टेंबर १९६५ रोजी तिथल्या फिलिपिनो द्राक्षमजुरांनी काम बंद केलं. लॅरी इटलिआँग त्यांचे पुढारी. मळेवाल्यांची चाल जुनीच होती : एका जमातीचे मजूर संपावर गेले की दुसरीचे आणायचे. म्हणून इटलिआँग यांनी सेझार चावेझ यांच्या मेक्सिकन मजुरांच्या संघटनेला गळ घातली. त्यांची अजून तयारी नव्हती, तरी आठवडाभरात तेही उतरले. फिलिपिनो हॉलमध्ये दोघांची चूल एक झाली. पुढे ज्यांनी मळा कधी पाहिला नव्हता अशा शहरी गिऱ्हाइकांनी द्राक्षं घेणं सोडलं आणि १९७० मध्ये मळेवाले करारावर सह्या करायला आले.

इथवर सगळेच सांगतात. पण १९६६ मध्ये दोन्ही संघटना विलीन झाल्या होत्या. फिलिपिनो संख्येने कमी, त्यांचा शब्द मागे पडत गेला. ज्यांनी संपाची सुरुवात केली त्या इटलिआँग यांनी १९७१ मध्ये राजीनामा दिला. तुमचे जुने लोक याच गोष्टीला भीत आहेत.

मग वेगळं राहून एकत्र कसं लढायचं? आधी भावाचं बोला. त्यांना अन्न स्वस्त हवं. उद्या जमीन मिळाली की पिकवणारे तुम्ही, तुम्हाला दाम हवा. हे भांडण आजच मिटवा, नाहीतर ऐन लढ्यात निघेल. फ्लोरिडातल्या इमोकॅलीच्या टोमॅटो तोडणाऱ्यांनी मागणीचा रोख नेमका ठेवला होता : पौंडामागे एक सेंट जास्त, आणि तो बड्या खरेदीदार कंपनीने द्यायचा. २००१ मध्ये त्यांनी टॅको बेल या झटपट खाण्याच्या दुकानांच्या साखळीवर बहिष्कार पुकारला, विद्यार्थी साथीला आले, २००५ मध्ये कंपनी नमली. पुढाकार मजुरांचा होता, विद्यार्थी त्यांच्या मागे उभे राहिले. तुमच्या शहरी मित्रांकडून हे कबूल करून घ्या : जमिनीबद्दल शेवटचा शब्द तुमचा, रेशन-बाजाराबद्दल त्यांचा.

झेंड्याऐवजी तारीख एक करा. १७ एप्रिल १९९६ रोजी ब्राझीलमध्ये एल्दोरादो दोस काराजास इथे पोलिसांनी १९ भूमिहीनांना मारलं. ‘व्हिया कंपेसिना’ या शेतकरी संघटनांच्या जागतिक जाळ्याची परिषद त्याच महिन्यात मेक्सिकोत भरली होती. तेव्हापासून हा दिवस जगभर शेतकरी लढ्याचा दिवस म्हणून पाळतात, ज्याचा त्याचा झेंडा घेऊन. त्याच वर्षी रोमच्या अन्न परिषदेच्या वेळी या जाळ्याने अन्न-सार्वभौमत्वाची मागणी मांडली; काय पिकवायचं आणि कुणाच्या जमिनीवर, हे दोन्ही तिच्यात येतं. तुमच्या शहरी मित्रांना आधी एवढं वाचायला द्या.

प्रश्न : संयुक्त बैठकीत शिकलेले मित्रच बोलत राहतात. आमची माणसं माना डोलावतात आणि घरी येऊन चिडतात.

उत्तर : आधी वेगळे बसा. २००७ मध्ये आफ्रिकेत, मालीतल्या सेलिंगे गावी अन्न-सार्वभौमत्वासाठी न्येलेनी नावाचा मेळावा भरला. ऐंशीहून जास्त देशांतले पाचशेवर लोक आले होते. शेतकरी, मच्छीमार, पशुपालक, मजूर अशा गटांनी आपापल्या वेगळ्या बैठकाही घेतल्या. तुम्हीही काय मागायचं, काय सोडायचं नाही हे आपसांत ठरवूनच जा. सुरुवातीला तुमच्यातले तिघे बोलतील, त्याआधी शहरवाल्यांनी तोंड उघडायचं नाही, असा नियम करा. बैठक त्यांच्या कार्यालयात नको, वादातल्या जमिनीजवळ घ्या. येण्याजाण्याचा खर्च त्यांनी करावा. मजुरी बुडवून येणाऱ्याला त्या दिवसाचे पैसेही मिळायला हवेत. हे मागायला लाजू नका.