वाचकांचे प्रश्न : रोमचा शेतकरी ओहायोत कसा पोचला?

प्रश्न : माझा नातू अमेरिकेत सिनसिनाटीला असतो. परवा व्हिडिओ कॉलवर त्यानं नदीकाठच्या बागेतला एक पुतळा दाखवला. माणसाचा एक हात नांगरावर आणि दुसऱ्या हातात लाकडाच्या मोळीसारखं काहीतरी. हा रोमचा शेतकरी, गावाचं नाव याच्यावरूनच पडलं, असं नातू म्हणाला. वर हेही म्हणाला, की अमेरिकेनं आपलं राज्यच मुळी ग्रीक-रोमनांवरून बेतलं. कुठं रोम आणि कुठं अमेरिका! हे खरं का?
– एक आजी, राजारामपुरी

उत्तर : आजी (सही तशी केलीय म्हणून आजी म्हणतो, वयानं आपण बरोबरीचेच असणार), तुमचा नातू अर्धा बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यात त्याची चूक नाही, आमच्यासारख्या मास्तरांची आहे. ‘अमेरिकेनं लोकशाही अथेन्सकडून घेतली’ हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. निवृत्त झाल्यावर तिथल्या पुढाऱ्यांचे मूळ लेख वाचायला बसलो, तेव्हा कळलं की पोरांकडून भलतंच पाठ करून घेतलं.

आधी ती मोळी. ती सरपणाची नव्हे. काठ्यांची जुडी आणि तिच्यात खोवलेली कुऱ्हाड, हे रोममध्ये सत्तेचं चिन्ह होतं. पुतळ्यातला माणूस ती घेत नाहीये, परत करतोय. गोष्ट इसवी सन पूर्व 458 ची. रोमचं सैन्य शत्रूच्या वेढ्यात सापडलं. सिनेट या रोमच्या सभेची माणसं पुतळ्यातल्या या माणसाकडे, सिनसिनाटसकडे गेली, तेव्हा तो टायबर नदीपलीकडच्या जेमतेम अडीच एकर रानात राबत होता. निरोप ऐकण्याआधी त्यानं बायकोला घरातून टोगा, म्हणजे अंगावर घ्यायचं रोमन वस्त्र, आणायला सांगितला, उघड्याबंब अंगानं सरकारी निरोप कसा ऐकायचा म्हणून. त्याला सर्वाधिकारी नेमलं, मुदत सहा महिन्यांची. त्यानं वेढा फोडला, सैन्य सोडवलं आणि सोळाव्या दिवशी अधिकार परत करून पुन्हा नांगराकडे गेला. लिव्ही या रोमन इतिहासकारानं हे चारशेहून अधिक वर्षांनी लिहून ठेवलंय, तेव्हा त्यात मीठमसाला असणारच. पण अमेरिकेतल्या शिकलेल्या माणसाला ही गोष्ट आपल्याकडच्या श्रावणबाळासारखी तोंडपाठ होती.

म्हणून 23 डिसेंबर 1783 ला, इंग्लंडविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध जिंकलेल्या जॉर्ज वॉशिंग्टननं अॅनापोलिसला जाऊन सेनापतिपद काँग्रेसला परत दिलं, तेव्हा बघणाऱ्यांना वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही. जिंकलेला सेनापती घरी जातोय, म्हणजे सिनसिनाटस. गंमत पुढं आहे. त्याच वर्षी युद्धातल्या अधिकाऱ्यांनी सिनसिनाटसच्या नावानं एक संस्था काढली आणि तिचं सभासदत्व थोरल्या मुलाकडं वारसानं जाईल असं ठरवलं! नांगराकडं परत गेलेल्या माणसाच्या नावानं गादी चालवायची. बेंजामिन फ्रँकलिननं यावर टिंगल केली, स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा जेफरसनही भडकला. 1790 मध्ये ओहायो नदीकाठच्या एका वस्तीला याच संस्थेवरून नाव मिळालं. तेच तुमच्या नातवाचं गाव.

आता राज्य बेतल्याचं. ‘सिनेट’ हा शब्द रोमचा, मूळ अर्थ म्हाताऱ्यांची सभा. संसदेच्या इमारतीला ‘कॅपिटॉल’ म्हणतात ते रोमच्या टेकडीवरून. राजमुद्रेवर लॅटिन वचनं आहेत. जेफरसननं व्हर्जिनियाच्या विधानसभेसाठी फ्रान्समधल्या नीम गावचं रोमन देऊळ नमुना म्हणून निवडलं. हे सगळं खरं, पण हे अंगावरचे कपडे झाले. कपडे कधी अंगाशी येतात तेही बघा. 1841 साली संसदभवनात वॉशिंग्टनचा संगमरवरी पुतळा बसवला. ग्रीकांच्या झ्यूस देवासारखा, छाती उघडी, मांडीवर वस्त्र, पायात चपला. लोक म्हणाले, हा तर अंघोळीला निघालाय! दोन वर्षांत तो बाहेर हलवावा लागला.

आतलं शरीर बऱ्याच अंशी इंग्लंडचं. ज्युरी, सनदा, वसाहतींतल्या विधानसभा यांची त्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या सवय होती. मग ग्रीक-रोमनांचा उपयोग काय केला? खासबागेच्या कुस्ती मैदानात बसणाऱ्या आपल्या कोल्हापूरच्या लोकांना हे एका वाक्यात कळेल. जिंकलेल्या पैलवानाला बघून पोरं टाळ्या वाजवतात, वस्ताद मात्र पडलेला कुठल्या डावावर चीत झाला ते बघत असतो. अमेरिकेचे पुढारी अथेन्स आणि रोमकडे असे वस्तादाच्या नजरेनं बघत होते.

अमेरिकेच्या घटनेचा एक मुख्य शिल्पकार जेम्स मॅडिसनचंच घ्या. घटना लिहायच्या आधी त्यानं पॅरिसमध्ये असलेल्या जेफरसनकडून पुस्तकं मागवली आणि जुन्या संघराज्यांवर टिपणं काढली. ग्रीक नगरराज्यांचे संघ कसे मोडले? एकमेकांत भांडत बसले, मध्यवर्ती सत्तेला दात नव्हते, मग मॅसिडोनियाचा राजा फिलिप आला, नंतर रोम आलं. अमेरिकेच्या तेरा राज्यांची अवस्था तेव्हा तशीच होती. 1787-88 मध्ये मॅडिसन, अलेक्झांडर हॅमिल्टन आणि जॉन जे या तिघांनी नव्या घटनेच्या बाजूनं 85 लेख लिहिले, त्यांतल्या अठराव्या लेखात हीच उत्तरीय तपासणी आहे. आणि अथेन्स? पंचावन्नाव्या लेखातलं म्हणणं असं, की अथेन्सचा प्रत्येक नागरिक सॉक्रेटिस असता तरी त्यांची सभा जमावच ठरली असती. माझं फळ्यावरचं वाक्य इथं पुसलं गेलं. त्यांना अथेन्ससारखी थेट लोकशाही नकोच होती. म्हणून तर दोन सभागृहं, अध्यक्षाचा नकाराधिकार, स्वतंत्र न्यायालय अशी एकमेकांच्या पायात घातलेली तंगडी. सत्ता अशी वाटून ठेवायची कल्पना पॉलिबियस या ग्रीक इतिहासकारानं रोमबद्दल लिहिली होती. माँतेस्क्यू या फ्रेंच विचारवंतानं 1748 मध्ये ती नव्यानं मांडली आणि अमेरिकेत माँतेस्क्यू घरोघरी नसला तरी वकिलावकिलाकडं होता.

त्या 85 लेखांखाली सही होती ‘पब्लियस’, म्हणजे राजाला हाकलल्यावर रोमचं प्रजासत्ताक उभं करणाऱ्यांतला एक. विरोधकांनी उत्तर दिलं ते ‘ब्रूटस’ या नावानं. टोपणनावावरूनच वाचकाला कळायचं, की भांडण एकहाती सत्ता घेणारा सीझर कोण होणार याचं आहे. हॅमिल्टन तर तोफखान्यात असताना पगाराच्या हिशेबवहीतल्या कोऱ्या पानांवर प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराच्या पुस्तकातले उतारे टिपून ठेवायचा. वाण्याच्या खातेवहीत ज्ञानेश्वरी लिहावी तसं.

एक गोष्ट मात्र त्यांनी वस्तादाच्या नजरेनं बघितली नाही. ग्रीस आणि रोम दोन्ही गुलामांच्या पाठीवर उभे होते, आणि तेवढं मात्र त्यांनी तसंच ठेवलं. मळ्यांवरच्या गुलामांना सीझर, पॉम्पी, केटो अशी नावं देत. जेफरसनच्या खासगी नोकराचं नाव होतं ज्युपिटर, देवांचा राजा! घटनेत राज्याची लोकसंख्या मोजताना गुलामाला तीन पंचमांश माणूस धरलं. तो हिशेब मिटायला यादवी युद्ध व्हावं लागलं. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकी लोकांना. फुल्यांवर प्रभाव होता लेखक टॉमस पेनच्या ‘राइट्स ऑफ मॅन’चा, आणि हा पेन लॅटिन शिकलेलाच नव्हता. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या घरातला, ‘ती लॅटिन पुस्तकं नकोत’ म्हणून राहून गेलं. अथेन्स छोट्या आकारात जे होतं ते अमेरिका मोठ्या आकारात होईल, असं म्हणणारा तोच. नातवाला सांगा, त्याच्या बाजूनं बोलणारा पेन आहे, मॅडिसन नाही.

प्रश्न : आपल्या राज्यघटनेतही रोमचं काही आहे का?
– स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, शाहूपुरी

उत्तर : आडवळणानं. राज्यसभेची मुदत सहा वर्षं आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सभासद निवृत्त, ही घडी अमेरिकी सिनेटशी जुळते. पण पेपरात ‘रोमकडून घेतलं’ लिहून येऊ नका, गुण जातील. उलट 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी बौद्ध भिक्षुसंघांकडं बोट दाखवलं. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी यांचे नियम तिथं होते, असं ते म्हणाले. ते भाषण पूर्ण वाचा, सारांशावर भागवू नका.

प्रश्न : कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममधली पोसायडनची मूर्ती ग्रीक की रोमन?
– सातवी ब, एक मुलगी

उत्तर : बाळ, देव ग्रीक, माल रोमन. तो पोसायडन, समुद्राचा देव. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1945 च्या सुमारास कांस्याच्या वस्तूंचा साठा निघाला, त्यात तो सापडला. सातवाहनांच्या काळी पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत रोमशी व्यापार चालायचा, त्या मालाबरोबर हा घाट चढून आला असणार. मूर्ती छोटी आहे हं. माझ्या वर्गातली निम्मी पोरं दरवर्षी तिच्यासमोरून तोफा आणि तलवारी बघायला धावत जायची.